टोळीतून माणसांत

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपल्यापैकी बहुतेकांनी बालपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली असते. मुलगा दिवेलागणीनंतर घरी परतू लागला, त्याच्या बोलण्यात घरात कधी न ऐकलेले शब्द येऊ लागले, किंवा प्रगतिपुस्तकावर सही मागण्यास तो टाळाटाळ करू लागला, म्हणजे घरातील कोणीतरी ही म्हण उच्चारते आणि मग त्याच्या मित्रांची चौकशी सुरू होते. वाईट संगत कशी लागते याविषयी आपल्या समाजाजवळ म्हणींचा व दृष्टांतांचा भरपूर संग्रह आहे. परंतु एकदा लागलेली संगत सुटते कशी, आणि ती सुटावी म्हणून घराबाहेरच्या लोकांनी काय करावयाचे असते, याचा विचार आपण क्वचितच केलेला असतो. बिघडलेला मुलगा आपला असेल तर आपण धावाधाव करतो. तो दुसऱ्याचा असेल तर पोलीस आहेत, न्यायालये आहेत, असे म्हणून आपण दार लावून घेतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले अशा काही माणसांची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ती घडली अमेरिकेतील लॉस एंजेलिस या शहरात. हे नगर आपणांस चित्रपटांमुळे परिचित आहे. परंतु त्याच नगराच्या पूर्वेस, नदीपलीकडे, बॉईल हाइट्स नावाचा एक कष्टकऱ्यांचा भाग आहे. तेथील रहिवासी मुख्यतः मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांतले. पिको गार्डन्स आणि अलिसो व्हिलेज या नावांच्या दोन सरकारी वसाहती तेथे एकमेकींस लागून होत्या, आणि त्यांच्या मधोमध डोलोरेस मिशन हे एक लहानसे कॅथलिक देवालय. १९८६ साली या देवालयावर ग्रेगरी बॉईल या तरुण जेझुइट धर्मगुरूंची नेमणूक झाली. वस्तीचे आणि त्यांचे नाव एक असणे हा केवळ योगायोग. ते लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेले आणि वाढलेले होते. परंतु ज्या शहरात ते वाढले, त्याच शहरातील हे दुसरे जग त्यांना नवे होते.

त्या काळी या एवढ्याशा परिसरात आठ टोळ्या नांदत होत्या. एका गल्लीतील मुलाने पलीकडच्या गल्लीत पाऊल टाकणे म्हणजे जिवावर उदार होणे. लॉस एंजेलिस परगण्यात १९७९ ते १९९४ या सोळा वर्षांत टोळ्यांच्या वैरातून सात हजारांहून अधिक माणसे मारली गेली, एवढे सांगितले म्हणजे परिस्थितीची कल्पना येईल. मेलेल्यांत आणि मारणाऱ्यांत बहुतेक भरणा विशीच्या आतबाहेरच्या मुलांचा.

ही मुले टोळीत का जातात? पैशासाठी, हे उत्तर अपुरे आहे. ज्या मुलाचा बाप तुरुंगात आहे किंवा परागंदा आहे, आई दोन ठिकाणी राबून रात्री परतते, शाळेने ज्याचे नाव कमी केले आहे, त्या मुलाला टोळी एक ओळख देते. कोणी अंगावर आले तर पाठीशी उभे राहणारे देते, आणि आपण दिसलो नाही तर आपल्याला शोधणारे कोणीतरी आहे ही भावना देते. तेथील मुले आपल्या सोबत्याला ज्या शब्दाने हाक मारतात तो शब्द ‘होमबॉय’, म्हणजे आपल्या घराकडचा, आपल्या आळीतला. टोळीने ‘घर’ हा शब्द उचलावा यातच सर्व काही आले. घर जे देते त्याचीच ती एक विद्रूप नक्कल असते, आणि तिचे भाडे मुलाच्या रक्ताने भरावे लागते.

सरकारने या रोगावर जो उपाय योजला तो सर्वत्र योजला जातो तोच होता. १९८८ च्या एप्रिलमध्ये एकाच शनिवार-रविवारी सुमारे हजार पोलिसांनी शहराच्या दक्षिण भागात धाड घातली आणि हजाराहून अधिक तरुणांना धरून नेले. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने टोळ्यांविरुद्ध कडक कायदा केला. धाडी वाढल्या, शिक्षा वाढल्या, तुरुंग भरले. परंतु खून थांबले नाहीत. तुरुंगात गेलेला मुलगा तेथे टोळीतच राहिला आणि सुटून आला तो अधिक तयार होऊन.

बॉईल यांच्या देवालयात येणाऱ्या स्त्रिया या मुलांच्याच आया, मावश्या, आज्या होत्या. आपल्याकडे वाडीवस्तीत जशा चार प्रौढ बायका एकत्र आल्या म्हणजे पुरुषांना न सुचलेली गोष्ट त्या सहज करून जातात, तसेच येथे झाले. त्या जमावाने टोळ्यांच्या नाक्यांवर जाऊ लागल्या, तेथे उभ्या राहून प्रार्थना म्हणू लागल्या, मुलांना खाऊ घालू लागल्या. आपला मुलगा आणि शत्रूच्या टोळीतला मुलगा असा भेद त्यांनी केला नाही. शाळेतून काढलेली मुले दिवसभर नाक्यावर बसतात असे दिसून आले, तेव्हा त्यांच्यासाठी निराळी शाळा काढण्याचे ठरले. पण जागा नव्हती. देवालयाच्या मठात काही धर्मभगिनी राहत होत्या. बॉईल यांनी त्यांना विचारले, की आपण येथून अन्यत्र राहावयास गेलात तर या मुलांना शाळा होईल. त्यांनी होकार दिला आणि जागा मोकळी करून दिली. १९८८ सालची ही गोष्ट.

शाळेपाठोपाठ कामाचा प्रश्न आला. काम मिळाले तर आम्ही नाका सोडू, असे मुलेच म्हणू लागली. तेव्हा या स्त्रिया हातात पत्रके घेऊन आसपासच्या कारखान्यांवर गेल्या आणि आमच्या मुलांना काम द्या अशी मागणी करू लागल्या. कारखानदारांकडून फारसे काही हाती आले नाही. तुरुंग पाहून आलेल्या मुलाला कामावर घेण्यास कोण तयार होणार? मग देवालयानेच काम काढले. बालसंगोपनगृह बांधणे, गल्ल्या झाडणे, भिंतींवर रंगविलेली टोळ्यांची नावे पुसणे, बागा लावणे अशी कामे मुलांच्या तुकड्या करू लागल्या. शुक्रवारी मजुरी वाटावयाची असे, आणि गुरुवारपर्यंत तिजोरीत पैसे नसत. एका धर्मगुरूला मुकादमाची ही भूमिका कशी वठवावी लागली असेल याची कल्पना ज्यांनी लग्नकार्याच्या आदल्या दिवशी पैशांची जुळवाजुळव केली आहे त्यांना येईल.

या आरंभीच्या वर्षांतील एक प्रयत्न मात्र बॉईल यांनी पुढे स्वतः होऊन सोडून दिला, आणि त्याचे कारण विचार करण्यासारखे आहे. दोन टोळ्यांत समेट घडवून आणावा म्हणून ते सायकलवरून गल्लोगल्ली फिरत, तह ठरवीत, अटी लिहून काढीत. काही दिवस शांतता राही, पुन्हा गोळी चाले. अनुभवांती त्यांच्या ध्यानात आले की, तह करावयाचा म्हणजे टोळीला राज्याचा मान द्यावयाचा. तिच्या म्होरक्यांना प्रतिष्ठा द्यावयाची. त्यामुळे टोळी अधिकच बळावते. म्हणून त्यांनी टोळ्यांशी बोलणे सोडले आणि टोळीतल्या एकेका मुलाशी बोलणे धरले. ज्या दिवशी ज्याला कंटाळा येईल त्या दिवशी त्याला येता यावे असे एक दार सदैव उघडे ठेवावयाचे, हेच पुढे त्यांच्या कार्याचे सूत्र झाले.

१९९२ च्या एप्रिलअखेर लॉस एंजेलिसमध्ये भीषण दंगल उसळली. एका कृष्णवर्णीय इसमाला निर्दयपणे मारणारे पोलीस न्यायालयातून सुटल्याचे ते निमित्त होते. शहर जळत असता ही गरीब वसाहत मात्र बव्हंशी शांत राहिली. असे कसे, असे वृत्तपत्रकाराने विचारले तेव्हा बॉईल यांनी सांगितले की, आमच्या साठएक मुलांना सध्या काम आहे. सकाळी उठावयास कारण असलेला मुलगा आपली वस्ती जाळीत नाही. हे वाचून रे स्टार्क नावाच्या चित्रपटनिर्मात्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि देवालयासमोरची एक बंद पडलेली जुनी बेकरी विकत घेण्यात आली. तिचे नाव ‘होमबॉय बेकरी’ असे ठेवण्यात आले. टोळीने घरापासून चोरलेला शब्द अशा रीतीने पुन्हा घराकडे आणला गेला. लवकरच शहराच्या मंडईत मेक्सिकन पोळ्यांचे एक दुकानही निघाले, आणि या पसाऱ्यास ‘होमबॉय इंडस्ट्रीज’ हे नाव रूढ झाले. २००१ साली ती स्वतंत्र धर्मादाय संस्था झाली.

बेकरीची खरी किंमत पावात नव्हती. काल ज्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या ते आज एकाच परातीत कणीक मळू लागले, हे तिचे मोल. आरंभी दोघे एकमेकांशी बोलत नसत. पण मळलेल्या पिठाला भाजण्याची वेळ ठरलेली असते. एकाने भट्टी उघडली की दुसऱ्याने ताटे पुढे करावीच लागतात. स्वयंपाकघरात जावाजावांचा अबोला फार दिवस टिकत नाही, कारण दूध उतू जाते आहे हे कोणीतरी सांगावेच लागते. तीच गोष्ट या भट्टीजवळ घडली. ज्याचा चेहरा ठाऊक नाही त्याचा द्वेष करणे सोपे असते. ज्याच्या हातचा घास आपण खाल्ला, ज्याच्या लेकराचा फोटो पाहिला, त्याचा द्वेष करणे जड जाते.

याच सुमारास आणखी एक अडचण पुढे आली. तुरुंगातून नुकताच सुटलेला एक तरुण बॉईल यांच्याकडे तक्रार घेऊन आला की, आपणांस कोणी काम देत नाही. त्याच्या कपाळभर अवघ्या जगाला दिलेली एक अर्वाच्य शिवी गोंदलेली होती. बॉईल यांनी त्याला बेकरीत घेतले आणि जवळच्या रुग्णालयातील एका डॉक्टरांना ते गोंदण काढून देण्याची विनंती केली. त्याचे पाहून दुसरे आले, तिसरे आले. आज या संस्थेत अनेक डॉक्टर विनामोबदला हे काम करतात. लेसर किरणांनी गोंदण काढणे ही एका बैठकीत होणारी गोष्ट नव्हे. महिनोन्महिने यावे लागते, आणि प्रत्येक वेळी उकळत्या तेलाचे थेंब अंगावर उडावेत तशा वेदना होतात. तरीही मुले-मुली रांग लावून येतात. गळ्यावर टोळीचे नाव असलेला बाप आपल्या मुलीच्या शाळेच्या फाटकाशी उभा राहण्यास लाजतो. ते पुसले गेले म्हणजे तो मान वर करून उभा राहू शकतो.

बंदुकीच्या गोळीला अडविण्याचे सामर्थ्य नोकरीइतके दुसऱ्या कशातही नाही, अशा अर्थाचे या संस्थेचे ब्रीदवाक्य पूर्वी होते. परंतु पुढील अनुभवाने तेही अपुरे ठरले. कामास लागलेली काही मुले महिन्या-दोन महिन्यांत परत नाक्यावर दिसू लागली. साहेबाने चारचौघांत टाकून बोलले की काम फेकून जावे, प्रेयसीने सोडले की व्यसनाकडे वळावे, असे होऊ लागले. कारण शोधता असे आढळले की, या मुलांपैकी पुष्कळांनी लहानपणी जे पाहिले व भोगले ते त्यांच्या आत तसेच साचून होते. मारझोड, उपासमार, डोळ्यांदेखत झालेले खून, यांची जखम पगाराने भरून येत नाही. म्हणून संस्थेने आपली घडी बदलली. आता येथे येणारा उमेदवार अठरा महिने राहतो. तो बेकरीत, उपाहारगृहात किंवा छपाईखात्यात काम करतो. पण तेवढ्याच वेळात मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे, राग आवरण्याचे व मूल सांभाळण्याचे वर्ग, अर्धवट राहिलेले शालेय शिक्षण, कोर्टकचेरीतील मदत हेही असते, आणि त्या तासांचाही त्याला पगार मिळतो. अमली पदार्थांपासून दूर राहण्याची अट आहे व तिची तपासणी होते. मुलींसाठी व स्त्रियांसाठी ‘होमगर्ल कॅफे’ नावाचे उपाहारगृह निघाले. रोज सकाळी सर्वजण दालनात जमतात, कोणीतरी दोन शब्द बोलतो, आणि मग दिवसाचे काम सुरू होते.

बॉईल यांनी सांगितलेली एक हकीकत आम्हांस या सर्वांचे मर्म सांगणारी वाटते. एका मुलाला त्यांनी नाव विचारले, तेव्हा त्याने टोळीतले भयंकर नाव सांगितले. तुझ्या आईने हे नाव ठेवले नसेल, असे ते म्हणाले तेव्हा त्याने आडनाव सांगितले. मग आई रागावली म्हणजे ज्या शिवीने हाक मारते ती सांगितली, मग पाळण्यातले नाव. आणि शेवटी, फार संकोचाने, आई रागावलेली नसते तेव्हा ज्या लाडक्या नावाने हाक मारते ते नाव त्याच्या तोंडून बाहेर पडले. आपल्या घरातील प्रत्येक मुलाला असे एक नाव असते. बाळ्या, सोन्या, छकुली यांना ते कोठे शोधावे लागत नाही. या मुलाला मात्र त्या नावापर्यंत परत येण्यास चार दारे ओलांडावी लागली.

या वाटेत सर्व गोड झाले असे आम्ही सांगणार नाही. १९९९ साली ती पहिली बेकरी आगीत भस्मसात झाली. २००४ साली भिंतींवरील टोळ्यांची नावे पुसण्याच्या कामावर असलेले दोन कामगार थोड्याच अवधीत लागोपाठ मारले गेले, आणि ती सेवा बंद करावी लागली. २०१० साली पैसा इतका आटला की सुमारे तीनशे कामगारांना एकदम कमी करण्याची पाळी आली; तरीही त्यांतील कित्येकजण वेतनावाचून येत राहिले. स्वतः बॉईल यांना रक्ताच्या कर्करोगाने गाठले, त्यातून ते उठले. आजवर त्यांनी दोनशेंहून अधिक तरुणांचे अंत्यविधी केले आहेत. त्यांतील काही बरी वाट धरलेले होते. पुष्कळ मुले एकदा येऊन निघून जातात, पुन्हा तुरुंगात जातात, पुन्हा येतात. परत आलेल्याला दारात उभे करून जाब विचारावयाचा नाही, हा तेथला नियम आहे. २०२४ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्या देशातील सर्वोच्च नागरी सन्मान बॉईल यांना दिला.

येथे सुज्ञ वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. ज्या घरातला मुलगा या टोळ्यांनी मारला त्या घराचे काय? मारणाऱ्याला पाव भाजावयास शिकवावयाचे आणि मेलेल्याच्या आईने नुसते रडावयाचे, हा कोठला न्याय? या आक्षेपाला सहानुभूतीच्या गोड शब्दांनी उत्तर देता येत नाही. शिक्षा ही असलीच पाहिजे, आणि होमबॉयमध्ये येणारे बहुतेक ती भोगूनच आलेले असतात. प्रश्न शिक्षेनंतरचा आहे. शिक्षा संपल्यावर तो माणूस कोठेतरी राहणारच. कॅलिफोर्नियात एका कैद्यावर वर्षाकाठी लाख डॉलरांहून अधिक खर्च होतो. तो करून सुटलेला माणूस पुन्हा नाक्यावरच उभा राहणार असेल तर पुढच्या आईचे अश्रू कोणी चुकविले? डोलोरेस मिशनच्या स्त्रियांनी शत्रूच्या टोळीतल्या मुलांना जेवू घातले ते याच हिशोबाने. त्यांपैकी काहींच्या घरची मुले गेलेली होती.

केवळ कठोरपणाचा मार्गही काही वेळा फळ देतो, हे मान्य केले पाहिजे. एल साल्वादोर या देशात २०२२ च्या मार्चमध्ये आणीबाणी पुकारून सरकारने पुढील दोन वर्षांत पाऊण लाखाच्या आसपास लोकांना तुरुंगात टाकले, आणि तेथील खुनांची संख्या झपाट्याने खाली आली. परंतु त्यांत हजारो निरपराध होते. त्यांना पुढे सोडावे लागले. आणि या गोष्टीचे मूळ पाहिले तर आपण पुन्हा लॉस एंजेलिसलाच येतो. त्या देशाला छळणारी ‘मारा साल्वात्रुचा’ ही टोळी मूळची १९८०च्या दशकात, यादवी युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांच्या मुलांनी लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर उभारलेली. अमेरिकेने त्या मुलांना धरधरून मायदेशी पाठविले, तेव्हा टोळी नाहीशी झाली नाही. तिला एक नवा देश मिळाला.

शिक्क्याचीही एक गंमत, खरे तर शोकांतिका, सांगण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियात टोळीतल्या माणसांची एक सरकारी नोंदवही ठेवली जाते. २०१६ साली राज्याच्या लेखापरीक्षकांनी ती तपासली तेव्हा, नोंद झाली त्या वेळी एक वर्षाचेही वय न भरलेल्या ४२ व्यक्ती तीत आढळल्या; आणि त्यांतील २८ जणांच्या नावापुढे, आपण टोळीचे असल्याचे यांनी स्वतः कबूल केले, असे लिहिलेले होते! तान्ह्या बालकावर जो शिक्का इतक्या सहजी बसतो तो सोळा वर्षांच्या मुलावर किती घट्ट बसत असेल? वस्तुतः अभ्यासकांनी मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन असे दाखविले आहे की, टोळीत शिरलेली बहुतेक मुले वर्षा-दोन वर्षांतच तिच्यातून बाहेर पडतात. एकदा गेला तो मेल्यावरच सुटला, ही समजूत टोळ्यांनीच पसरविलेली आहे. दगदगीला विटून, जवळचा मित्र गेल्यामुळे, पहिले मूल झाल्यामुळे मुलगा बाहेर येऊ पाहतो. त्या क्षणी त्याला जाण्यासारखे ठिकाण आहे की नाही, एवढ्यावर सारे अवलंबून असते.

हे लॉस एंजेलिसपुरतेच खरे असते तर त्याचा एवढा विस्तार आम्ही केला नसता. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहर सुरीबाज पोरांच्या टोळ्यांसाठी कुप्रसिद्ध होते. २००४-०५ या वर्षात त्या लहानशा देशात १३० हून अधिक खून झाले. तेव्हा २००५ साली पोलिसांनीच एक निराळे खाते उघडले आणि हिंसा हा साथीच्या रोगासारखा विषय मानून त्याचा पाठपुरावा केला. २००८ च्या ऑक्टोबरात टोळ्यांतील मुलांना न्यायालयाच्या दालनात बोलावण्यात आले. पोलिसांनी सांगितले की यापुढे एकाने सुरी काढली तर साऱ्या टोळीला आम्ही पकडू. मग शल्यचिकित्सकांनी फाटलेले चेहरे शिवण्याचे वर्णन केले. मग एक आई उभी राहिली आणि आपल्या मुलाचे काय झाले ते तिने सांगितले. पोलिसांपुढे छाती काढून बसलेली ती पोरे या बाईपुढे खाली मान घालून बसली, काहींच्या डोळ्यांतून पाणी आले. शेवटी प्रत्येकाला एक दूरध्वनी क्रमांक देण्यात आला: ज्याला हे सोडावयाचे असेल त्याने फोन करावा, शिक्षण, काम, व्यसनमुक्ती यांची सोय होईल. ग्लासगोच्या या मंडळींनी होमबॉयचा धडा गिरवून २०१६ साली शिक्षा भोगून आलेल्यांचे एक फिरते खाद्यगृहही काढले. २०२२-२३ या वर्षात स्कॉटलंडमधील खुनांची संख्या ५२ वर आली. १९७६ पासूनच्या नोंदींत तोवर ती सर्वांत कमी होती. याचे सारे श्रेय एका खात्याला देणे योग्य होणार नाही, परंतु धाक आणि आधार हे दोन्ही एकाच हातांनी देता येतात, हे तेथे दिसून आले.

आता आमच्या वाचक कुटुंबांकडे वळतो. एकत्र कुटुंबात एखादा मुलगा परीक्षेत नापास झाला, वाईट संगतीत सापडला, घरातून दोन दिवस नाहीसा झाला, तर काय होते? आजी देव पाण्यात ठेवते, काका शोधावयास निघतात, परत आल्यावर वडील तोंड फिरवितात आणि आई मुकाट्याने पान वाढते. महिन्याभरात मामा आपल्या ओळखीने त्याला कोठेतरी चिकटवून देतात. तेथून तो पळाला तर दुसरीकडे चिकटवितात. पुढे तो संसाराला लागतो, आणि जुन्या गोष्टींची घरात कोणी वाच्यता करीत नाही. शोधणे, जेवू घालणे, रागावणे, काम लावणे आणि परत घेणे ही पाच कामे आपले घर न सांगता करते. होमबॉय इंडस्ट्रीजने याहून निराळे काही केलेले नाही. ज्यांना काका-मामा नव्हते त्यांच्यासाठी तिने ते निर्माण केले, इतकेच.

मात्र या संस्थेचा एक उद्योग चालला नाही, तो आम्ही शेवटी सांगण्यासाठी राखून ठेविला आहे. त्यांनी नळदुरुस्तीचे काम काढून पाहिले होते. मुले काम शिकली, अवजारे आली. पण गिऱ्हाइके आली नाहीत. बॉईल ही गोष्ट विनोदाने सांगतात: टोळीतल्या मुलांना लोक आपल्या घरात घेऊ इच्छीत नाहीत, हे आम्हांला कसे सुचले नाही! या मुलांनी भाजलेला पाव शहराने आवडीने खाल्ला, त्यांनी छापलेले सदरे अंगात घातले, त्यांच्या उपाहारगृहात पाहुण्यांना नेले. उंबऱ्याच्या आत येणे मात्र त्यांना जमले नाही.

त्या गृहस्थांना आम्ही दोष देत नाही. ज्या घरात लेकीसुना आहेत, दागिना आहे, म्हातारी माणसे आहेत, त्या घराने सावध असणे हा त्याचा धर्मच आहे. आणि आमच्या घरी तो नळवाला आला असता तर आम्हीही कपाटाची किल्ली एकदा चाचपून पाहिली असती. परंतु आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत एखादे दुकान असते, छापखाना असतो, गोदाम असते, जेथे चार माणसे असतात आणि एखादी जागा रिकामी असते. शिक्षा भोगून आलेल्या मुलासाठी त्या जागेचे विचारणे, त्याच्या वतीने मालकापाशी जामीन राहणे, आणि पहिल्या खेपेस तो चुकला तर दुसऱ्या खेपेस पुन्हा विचारणे, एवढे मामाचे काम परक्या मुलासाठी करता येते. ते करताना किल्ली कमरेलाच असू द्यावी. तिच्या आड ते काम येत नाही.